राबणं आणि राबता

आमच्यात 'फिरायला गेलो होतो' असं कुणी म्हणत नाही. कामाला गेलो होतो, म्हणतात. दवाखान्यात गेलो होतो, तारखेला गेलो होतो, मयतीला गेलो होतो, मोर्चाला गेलो होतो. वर्षातून एकदा चैत्यभूमीला गेलो होतो. घराबाहेर पाऊल टाकायचं तर त्याला कारण लागतं. बिनकारणाचा फिरणारा आमचा माणूस एकतर येडा, नाहीतर संशयित. पोलिसानं हटकलं, 'काय रे, इथं काय करतोस?' तर उत्तर तोंडात तयार पाहिजे. 'तळं बघतोय साहेब' असं उत्तर आमच्यातल्या कुणी दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दोस्तहो, भिवंडीचा धामणकर नाका तुम्ही पाह्यला असेल. नसेल तर ऐकला असेल. ऐकण्याचाच नाका आहे तो. आजूबाजूच्या गल्ल्यांतून लूमचा खडखडाट रात्रंदिवस चालू. बाहेरगावचा पाहुणा मुक्कामाला आला तर त्याला झोप लागत नाही. आणि शुक्रवारी लूम बंद असले की आम्हाला लागत नाही. डोक्यावर मेट्रोचं काम, पायाखाली खड्डे, मधे कंटेनर, टेम्पो, रिक्षा, तागे लादलेल्या हातगाड्या आणि पाळीला निघालेली माणसं. बारा-बारा तासांची पाळी. मजुरी कापडाच्या मिटरवर. मशीन थांबली की मजुरी थांबली, म्हणून विश्रांती इथं तोट्याच्या खात्यात लिहितात. कित्येक ठिकाणी कारखाना एकच असतो, पण कागदावर त्याचे चार तुकडे, चार नावांवर. म्हणजे कारखान्याचा कायदा दाराबाहेर उभा. रजा, ओव्हरटाइम, हजेरीपुस्तक हेही त्याच्याबरोबर दाराबाहेर.

आणि ह्याच नाक्यापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, कामतघरला, वऱ्हाळा तलाव आहे. वऱ्हाळदेवीचा तलाव. भलं मोठं पाणी. ते शहराला प्यायलाही जातं. माझ्या वस्तीत साठीची माणसं आहेत, जी जन्मभर त्या तलावाच्या बाजूनं कामाला गेली-आली आणि एकदाही काठावर टेकली नाहीत. कुणी अडवलं होतं? नाही. अडवायची गरजच पडली नाही. अडवणारा आता आमच्या आतच आणून बसवलाय. त्याच्या हातात काठी नाही, घड्याळ आहे.

मी मानकोलीच्या बाजूला गोदामात कामाला. दुनियाभरचा माल तिथं येतो आणि दुनियाभर जातो. आम्ही खोके उतरवायचे, स्कॅन करायचे, चढवायचे. अलीकडं तंबूचे खोके फार वाढलेत. खोक्यावर रंगीत चित्र. डोंगर, तळं, तळ्याकाठी निळा तंबू, पुढं शेकोटी, नवरा-बायको, दोन पोरं, एक कुत्रं. कुत्र्यासकट सगळे हसतायत. एकदा जेवणाच्या सुट्टीत आमच्यातला एकजण त्या चित्राकडं बघत म्हणाला,

"ह्यात झोपायला पैसे देतात व्हय रे लोकं?"

"देतात."

"घर न्हाई त्यांना?"

"आहे. मोठं आहे."

तो भाकरी चावत राह्यला. मग म्हणाला, "म्हंजे घर असल्यावर पालात झोपायला मजा येत असंल."

ह्या एका वाक्याला पुस्तकं पुरायची नाहीत, भावांनो. पाल म्हणजे काय हे आम्हाला चित्रावरून शिकायची गरज नाही. पालं ठोकून गावोगाव फिरणाऱ्या जमातींसाठी इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला. जन्माला आलास म्हणजे गुन्हेगार. पुढं तो कायदा मुंबई इलाख्यातही आणला. पारधी, कैकाडी, टकारी ही माणसं सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणाआड कोंबली. रोज हजेरी. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं सोळा दिवस उशिरा. आणि आजही गावाबाहेर एखादं पाल पडलं की गावातलं कुणीतरी पोलीस पाटलाकडं पळतं. कापड तेच, काठ्या त्याच, दोर तोच. एकाच्या पालाला कॅम्पिंग म्हणतात. दुसऱ्याच्या पालाची वर्दी देतात.

माझी आजी बीड जिल्ह्यातली. ती अजून आहे, खुटखुटीत आहे. खोक्यावरचं चित्र मोबाईलात काढून मी तिला दाखवलं. तिनं डोळ्याजवळ धरून नीट पाह्यलं.

"आगं बया! ह्ये तर आमचं बाहत्तरचं काम!"

१९७२ चा दुष्काळ. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव. आजी, आजा, आज्याचे दोघं भाऊ पाझर तलावाच्या कामावर. गाव लांब, म्हणून कामावरच मुक्काम. चवाळ्याची पालं. खायला मिलो, पोरांना सुकडी. खड्डा मोजून मजुरी, आणि मोजणाऱ्याची पट्टी त्याच्या मर्जीनं लांब-आखूड व्हायची.

"सा म्हैने तळ्याच्या काठाला व्हतो आमी," आजी म्हणाली. "फरक येवढाच, तळ्यात पाणी नव्हतं. आमीच तळं करीत व्हतो."

"मग पाणी आलं का त्यात?"

"आलं की. फुडं पाऊस झाला, गच्च भरलं म्हनं."

"म्हणे? तू बघायला गेली नाहीस?"

"कशाला? काम सपलं व्हतं."

मी तो मोबाईल खिशात ठेवला. पण ते 'कशाला' काही खिशात मावंना.

पाझर तलाव म्हणजे काय ते नव्या पोरांना सांगायला हवं. त्यातलं पाणी तसं उचलून वापरायचं नसतं. ते जमिनीत मुरतं, पाझरतं, आणि बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना चढतं. विहीर कुणाची? जमीन ज्याची त्याची. आमच्या आजीला जमीन नव्हती, विहीर नव्हती. टोपल्यानं माती वाहून तिनं जे पाणी अडवलं ते दुसऱ्याच्या विहिरीत निघालं. ह्याचा हिशोब आपण मांडतो, भाषणात मांडतो, मांडलाच पाहिजे. पण आजीच्या बोलण्यात दुसरीही एक गोष्ट होती. तिनं खांदलेलं तळं भरल्यावर कसं दिसतं हे पाहण्याचा हक्क आपल्याला आहे, असं तिच्या मनातही आलं नाही. मजुरी बुडाली ते तिला कळलं. तळं बुडालं ते कळलंच नाही.

म्हणून आम्ही सातजण निघालो. दोघं लूमवरचे, एक डाइंगमधला, दोघं गोदामातले, एक रिक्षावाला, एक कॉलेजात शिकणारा. गुरुवारी दुपारून निघायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत. कल्याणहून आसनगावची लोकल, पुढं जीप. शहापूरच्या बाजूला एका मोठ्या जलाशयाच्या काठाला एक खासगी कॅम्प होता. माणशी हजार रुपये, जेवणासकट. कॉलेजवाल्यानं फोनवर पैसे भरले.

तो मुलूख पाण्याचा आहे. तानसा १८९२ सालचं. भातसा, मोडकसागर, आणि २०१४ चं मध्य वैतरणा, सगळी त्याच पट्ट्यातली. मुंबई ह्या पाण्यावर जगते. तिकडं जाणारे नळ आमच्या भिवंडी तालुक्यातून गेलेत. माणूस उभा चालेल एवढे जाड. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. कॅम्पवर एक ठाकर बाई भांडी घासायला होती. पिण्याचे कॅन आणून तंबूपुढं ठेवायचं कामही तिचंच. मी म्हटलं, "मावशी, एवढं पाणी समोर असताना कॅन कशाला?" ती हसली. म्हणाली, "त्ये पानी मंबईचं हाय. आमी निस्तं शेजारी."

आता कॅम्पचं ऐका. फाटकावर मॅनेजरनं सगळ्यांची आधार कार्डं घेतली. एकेक आडनाव वाचलं. वाचता वाचता त्याचा आवाज बदलत गेला. तो बदल आपल्याला ओळखायला शिकवावा लागत नाही.

"कुठले तुम्ही?"

"भिवंडी. धामणकर नाका."

"नाही, मूळचे?"

"बीड, जालना, नाशिक. सगळे मिसळलेले आहेत."

"हां हां. म्हणजे..." असं म्हणून तो थांबला. पुढचा शब्द त्यानं गिळला. पूर्वी तो शब्द तोंडावर फेकायचे, आता गिळतात. एवढी सुधारणा आहे, नोंद करून ठेवा.

आम्हाला तंबू मिळाले ते शेवटचे दोन. स्वयंपाकघराच्या मागं, संडासाला लागून. पाण्याजवळचे चार तंबू रिकामे होते. विचारलं तर म्हणाला, "तिथं फॅमिली येणारायत." रात्रीचे दहा वाजले तरी फॅमिली आल्या नाहीत. गावकुसाबाहेरची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला का असायची, हे आपण वाचलेलं आहे. गाव गेलं, कूस गेलं, पण खालचं अंग बरोबर आमच्यासाठी राखून ठेवलेलं.

रात्री शेकोटी पेटली. बाकीचे दोन ग्रुप होते, शहरातली पोरं, वाईट नव्हती. त्यांचा स्पीकर मोठा. सिनेमाची गाणी झाली, मग देवाची झाली, मग पुन्हा सिनेमाची. आमच्या रिक्षावाल्यानं मोबाईलवर बारीक आवाजात भीमगीत लावलं. मॅनेजर तिकडून चालत आला.

"हे इथं नको."

"का?"

"जातीची गाणी नकोत. वातावरण खराब होतं."

डाइंगवाला आमच्यात सगळ्यात गरीब स्वभावाचा. दिवसभर रंगाच्या वाफेत उभा राहून त्याची छाती भरून आलेली असते. तो म्हणाला, "वातावरण तर लई चांगलंय साहेब. मला आज खोकला न्हाई."

आम्ही हसलो. मॅनेजर हसला नाही. तो म्हणाला, गाणं बंद करा नाहीतर पैसे परत घेऊन निघा. रात्रीचे दहा, स्टेशन लांब, जीप नाही. निघा म्हणजे कुठं निघा? गावानं बहिष्कार टाकल्यावर आपली माणसं बिऱ्हाडं डोक्यावर घेऊन रात्रीची निघाली, त्या सगळ्या रात्री माझ्या डोक्यातून सरसर गेल्या.

तेव्हा कॉलेजवाला उठला. एक शब्द बोलला नाही. तंबूचे खिळे उपटायला लागला. आम्हाला वाटलं हा खरंच निघाला. तो म्हणाला, "धरा कोपरे." मग मला उमगलं. मी रोज हे तंबू उचलतो, त्यांचं वजन मला ठाऊक आहे. हे नवे तंबू कमानीच्या काड्यांवर उभे असतात, खिळे काढले तरी पडत नाहीत. चौघांनी चार कोपरे धरले आणि तंबू उभाच्या उभा उचलून पाण्याकाठी नेऊन ठेवला. मग दुसरा. रिकाम्या तंबूंच्या शेजारी, अगदी पाण्याला लागून. गाणं चालूच होतं, तेवढ्याच बारीक आवाजात.

मॅनेजर ओरडला, पोलीस बोलावतो. कॉलेजवाला म्हणाला, "बोलवा. पैसे सारखे घेतले, जागा सारखी द्या. आणि ज्या कारणानं मागं टाकलंत ते कारण पोलिसांपुढं सांगा." शहरातल्या पोरांनी स्पीकर बंद केला होता, ते बघत होते. त्यातला एकजण म्हणाला, "राहू दे ना, काय फरक पडतो?" मॅनेजर बडबडत गेला. पोलीस आले नाहीत. कारण सांगायला लागलं असतं ना!

मी त्या रात्री झोपलो नाही. लूमचा आवाज नव्हता. पाण्याचा आवाज बारीक, कुणी कानाशी श्वास घेतल्यासारखा. तंबूच्या कापडाकडं बघत पडलो आणि मला आमच्या नाक्यावरची जिलानी बिल्डिंग आठवली. २१ सप्टेंबर २०२० ची पहाट, पटेल कंपाउंड. तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांवर बसली. चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यात लहान लेकरं किती! त्या दिवसानंतर आमच्या चाळीतली माणसं कित्येक रात्री छताकडं बघत जागी होती. तेव्हा आजी म्हणाली होती, "पालाला भिंत नसती, पर त्ये आंगावर पडून मानूस मरत न्हाई." घर असून उघड्यावर झोपायचं ही त्यांची मौज. आमचं तसं नाही. आधी न पडणारं घर पाहिजे. आणि मग तळंही पाहिजे. आधी हे मिळू दे मग ते मागू, असं म्हणत बसलो तर दोन्ही दुसऱ्याचंच राहील.

सकाळी उजाडलं. पाण्यावर धुकं. आम्ही सातजण काठाला उभे, पँटी गुडघ्यापर्यंत वर. पुढं कुणी जाईना. सातातल्या एकालाही पोहायला येत नव्हतं. ठाकर मावशीचं आठ-नऊ वर्षांचं पोरगं आमच्यासमोर सूळकन पाण्यात शिरलं, लांब जाऊन डोकं वर काढलं आणि आमच्याकडं बघून दात काढले.

का येत नाही आम्हाला पोहायला? गावात पोहणं शिकतात विहिरीवर. कमरेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधतात आणि काका-मामा ढकलून देतो. पण ज्या माणसाची सावली विहिरीच्या काठाला चालत नव्हती, त्याच्या पोराला विहिरीत कोण ढकलणार? ढकललं असतं तर ते शिकवायला ढकललं नसतं. ओंजळभर पाण्यासाठी आमच्या बाया तासनतास कुणाच्या तरी दयेची वाट बघत उभ्या राहिल्या. अंगभर पाणी ही कल्पनाच केली नाही. मग तीच पोरं शहरात येतात, पावसाळ्यात कुठल्यातरी खदानीत, धरणात उतरतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चौकटीत बातमी येते. लोक म्हणतात, मस्ती. मी म्हणतो, विहीरबंदी. ती अजून माणसं मारते.

ही एकट्या आपल्या देशाची गोष्ट नाही. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव ज्यांच्याकडून घेतलं, त्या काळ्या भावांना विचारा. शिकागो शहर, मिशिगन सरोवर, २७ जुलै १९१९. उन्हाळ्याचा रविवार. काठावर गोऱ्यांची जागा वेगळी, काळ्यांची वेगळी. पाण्यात मात्र रेघ काढलेली नव्हती. यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा पोरगा तराफ्याला धरून तरंगत त्या न दिसणाऱ्या रेघेपलीकडं गेला. गोऱ्या माणसानं दगड मारले. पोरगा बुडून मेला. पोलिसानं दगड मारणाऱ्याला धरलं नाही. दंगल पेटली, अडतीस माणसं मेली. काळी तेवीस, गोरी पंधरा. पुढं १९६३ साली दक्षिण कॅरोलिना राज्याला कोर्टानं बजावलं की सरकारी उद्यानं, त्यातली तळी, त्यातले तंबू सगळ्यांना उघडा. राज्यानं काय केलं? काळ्यांना आत घेण्यापेक्षा सगळीच उद्यानं बंद करून टाकली. गोऱ्यांनाही नको, पण काळ्यांबरोबर नको.

आपल्याला हे नवं नाही. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या परिषदेला प्यायचं पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं होतं, हे विसरू नका. तळं समोर आणि पाणी विकत! लोक पाणी पिऊन मांडवात परतले, जेवायला बसले, तर वर लाठ्या आल्या. मग तळं बाटलं म्हणून एकशे आठ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून त्याला शुद्ध केलं. शेण चाललं, माणूस चालला नाही. दक्षिण कॅरोलिनातलं कुलूप आणि महाडचं गोमूत्र, दोन्ही एकाच भीतीतून आलं. एका पाण्यापाशी बरोबरीनं बसायची भीती.

परत आल्यावर आमची खरी झटापट झाली ती वस्तीत. आमचे एक काका आहेत. नामांतरासाठी जेलात गेलेले, अंगावर लाठीचे वण असलेले. आमच्यासाठी ते मोठे आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तंबू उचललात ते चांगलं केलंत. पण गेलात कशाला? रोज कुठं ना कुठं आपल्या माणसाला मारतायत. आणि तुम्ही हजार-हजार रुपये देऊन झोपायला जाताय? ही चैन आहे. चळवळीला परवडणारी नाही."

हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या तोंडात येईल म्हणून उत्तर लिहून ठेवतो.

काका, १९३४ साल आठवा. बाबासाहेबांचे सहकारी म्हणाले, कुठंतरी फिरून येऊ, तुम्ही आलात तर. आणि बाबासाहेब गेले. तीसेक माणसं, बसनं, वेरूळची लेणी बघायला. परिषद नव्हती, सत्याग्रह नव्हता. सहल होती. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. दारापाशी लहानसा हौद होता, काठोकाठ भरलेला. धुळीनं तोंडं माखलेली, म्हणून काहींनी हातपाय धुतले. लगेच एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की ह्यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या झाल्या. शेवटी किल्ला बघू दिला, पण आत कुठं पाण्याला शिवू नयेत म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. आता सांगा, सहल ही किरकोळ गोष्ट असती तर त्यांनी ती लिहून ठेवली असती? मौजेला निघालेल्या माणसालाही जात कशी गाठते, हे त्यांना जगाला दाखवायचं होतं.

दुसरं. सुट्टी आपल्याला कुणी दान दिलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे झगडले तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ साली कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा देणारी दुरुस्ती झाली, १९४६ साली आठवड्याचे चौपन्न तास अठ्ठेचाळीस झाले. ते सहा तास बाबासाहेबांच्या काळात आपल्यासाठी सोडवून आणलेले तास आहेत. मालकानं ते परत नेले, तरी आपण गप्प. त्या तासांत काय करायचं हे आपल्याला ठाऊकच नसेल, तर ते गेल्याचं दुःख तरी कसं होणार?

आणि तिसरं, सगळ्यात मोठं. संविधानाचं पंधरावं कलम काढा. दुसरा भाग वाचा. दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. महाडचं तळं आणि करमणुकीची जागा एकाच दमात घेतलीय. पाणी आधी, मौज नंतर, असा क्रम तिथं नाही. मराठी प्रतीत तिथंच एक शब्द आहे, सार्वजनिक राबत्याच्या जागा. राबता म्हणजे नित्याचं येणं-जाणं, ऊठबस. राबणं आम्हाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक. राबता ठाऊक नाही. आजीनं तळ्यावर राबून घेतलं, राबता मात्र तिचा झाला नाही. कायद्यानं दिलेला हक्क पायांनी वापरावा लागतो. नाहीतर त्या जागेवर गवत उगवतं आणि मग कुणीतरी तिथं फाटक बसवतो.

आणि तंबूचं म्हणाल तर मुक्काम हे आपलं जुनं हत्यार आहे. डिसेंबर १९२७ ला महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी हिंदूंनी जागा दिली नाही. फत्तेखान नावाच्या मुसलमानानं आपली जमीन दिली. तिच्यावर मांडव पडला, दुकानदार माल देणार नाहीत म्हणून दाणागोटा आधीच भरून ठेवला, हजारो माणसं तिथं राह्यली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. आजही दर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कावर आपली लाखो माणसं समुद्राशेजारी मांडवात, उघड्यावर रात्र काढतात. भाकरीचं गाठोडं उशाला, पुस्तकांची पिशवी छातीशी. एवढा मोठा कॅम्प ह्या देशात दुसऱ्या कुणाचा आहे? दुःखासाठी आपण मुक्काम करतो, लढ्यासाठी करतो. सुखासाठी एक रात्र राह्यलो तर चळवळ बुडत नाही. लढणारा माणूस माणूस आहे, एवढंच सिद्ध होतं.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शहापूरपर्यंत माझे गुडघे यायचे न्हाईत. जवळ काय असंल तर सांगा."

जवळ वऱ्हाळा आहे! तिथं मॅनेजर नाही, माणशी हजार रुपये नाहीत, आधार कार्ड नाही. आमच्यातला एकजण म्हणाला होता, आपण वर्गणी काढून आपलाच कॅम्प काढू. अमेरिकेत काळ्या लोकांनी मिशिगन राज्यात आयडलवाइल्ड नावाच्या ठिकाणी १९१२ पासून तळ्याकाठी जागा घेतल्या, डू बॉइससारख्या माणसानंही घेतली. सगळी दारं बंद असताना त्यांनी केलं ते बरोबरच. पण बाबासाहेबांनी महाडला वेगळी विहीर खांदली नाही. जे सगळ्यांचं होतं तिथंच ओंजळ घातली. म्हणून आम्हीही आधी सगळ्यांच्या तळ्याकाठी बसायचं ठरवलंय.

आता दर शुक्रवारी सकाळी दहा-बारा माणसं काठावर जमतात. तलाव प्यायच्या पाण्याचा, म्हणून त्यात कुणी उतरायचं नाही, काही टाकायचं नाही, हा आपला पहिला नियम. पोरं पळतात. लूमवरचे मोमीनभाई आणि तेलंगणातले पद्मशाली दोस्तही येतात, कारण बारा तासांची पाळी त्यांनाही तेवढीच लांब असते. काका पेपर वाचतात आणि मोठ्यानं भांडतात. आजीला रिक्षातून आणलं. ती तासभर पाण्याकडं बघत बसली. मग विचारलं, "ह्ये कुनी खांदलं?" कुणाला सांगता आलं नाही. ती म्हणाली, "कुनीतरी आपलंच असंल."

पोहायचं शिकवायला एक कोळी दोस्त तयार झालाय. मे महिन्यात आमच्यातल्या एकाच्या मामाच्या शेतातल्या विहिरीवर, आठ दिवस. विहीर आपल्या माणसाची आहे. पोरांना येईलच, पण पोरींनाही आणा. भोपळे नाहीत, डबे आहेत.

२० मार्चला वऱ्हाळ्याच्या काठी सकाळी सातला जमायचं. भाषण एकच, तेही दहा मिनिटांचं. बाकीचा वेळ बसायचं. धामणकर नाक्यावरून सगळे मिळून चालत जाऊ. भाकरी आपापली आणावी, चहा आमच्याकडं.

जयभीम.